एका बेटावरचे दोन हमिंगबर्ड

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ६७० किलोमीटरवर, प्रशांत महासागरात, हुआन फर्नांडेझ नावाचा छोटा द्वीपसमूह आहे. त्याच नावाचा स्पॅनिश दर्यावर्दी १५७४ मध्ये तेथे पोचला, तेव्हा बेटांवर मनुष्यवस्ती नव्हती. यांतील रॉबिन्सन क्रुसो या जेमतेम ४८ चौरस किलोमीटरच्या बेटावर हमिंगबर्डच्या दोन जाती राहतात. एक फक्त येथलीच. दुसरी चिली-अर्जेंटिनात थेट तिएरा देल फुएगोपर्यंत आढळते.

बेटावरच्या जातीने अभ्यासकांना आधी चकवले. नर विटकरी तांबडा, मादी वरून हिरवी आणि खालून पांढरी, ठिपकेदार. ब्रिटिश नौदलातील फिलिप पार्कर किंग याने १८३१ मध्ये या दोघांची दोन स्वतंत्र जाती म्हणून नोंद केली आणि मादीला बीगल जहाजाचा कप्तान स्टोक्स याचे नाव दिले. रंगातला फरक पाहता चूक क्षम्य म्हणावी लागेल. खरी दुसरी जात निराळीच होती: हिरव्या पाठीचा, पाच-सहा ग्रॅमचा पक्षी. तो मुख्य भूमीवरून समुद्र ओलांडून आपणहून आला. एकोणिसाव्या शतकात तो बेटावर होता. स्थानिक नर सुमारे ११ ग्रॅमचा, म्हणजे त्याच्या जवळजवळ दुप्पट. फुललेल्या झाडावर तो पाहुण्याला सहज पिटाळतो. मादी मात्र सातेक ग्रॅमचीच असल्याने तिचे पारडे तितके जड नाही.

बळात सरस असलेलाच पक्षी पुढे दुर्मीळ का झाला, याचे उत्तर बेटाच्या इतिहासात आहे. स्पॅनिशांनी सोडलेल्या शेळ्या इथे बेसुमार वाढल्या. त्यांच्या मांसावर चाचे पोसले जात, म्हणून शेळ्या संपवण्यासाठी पुढे स्पॅनिशांनीच कुत्रे आणून सोडले. १७०४ ते १७०९ अशी चार वर्षांहून अधिक काळ अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटिश खलाशी येथे एकटा राहिला, तोही शेळ्यांच्याच आधाराने. बेटाचे आजचे नाव त्याच्या कहाणीशी जोडलेल्या कादंबरीवरून १९६६ मध्ये पडले. शेळ्यांखेरीज उंदीर, मांजरे, ससेही बेटावर आले आणि विसाव्या शतकात कोआटी हे रॅकूनच्या कुळातले प्राणी. चंदन तर व्यापारासाठी तोडून तोडून संपले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल स्कॉट्सबर्ग याने १९०८ मध्ये पाहिलेले झाड हे बेटावरच्या चंदनाचे शेवटचे ज्ञात झाड. शेजारच्या, आता सेल्कर्कचे नाव असलेल्या बेटावर स्थानिक हमिंगबर्डची शेवटची नोंदही १९०८ चीच आहे. तेथून तो नाहीसा झाला.

स्थानिक पक्ष्याचे पोट प्रामुख्याने मूळच्या वनावर चालते. तेथल्या फुलांचा मध आणि पानांवरचे बारीक कीटक हे त्याचे अन्न. मोठ्या शरीराला मधही जास्त लागतो. शेळ्यांनी रोपे खाल्ली आणि बाहेरून आणलेल्या रानटी ब्लॅकबेरी व माकी या झुडपांनी उरलेली जमीन व्यापली, तसा त्याचा आधार आटत गेला. हिरव्या पाठीच्या पक्ष्याला थोडक्यात भागते आणि नाना प्रकारच्या अधिवासांत राहण्याची त्याला सवय आहे. म्हणून स्थानिक जातीच्या ऱ्हासाचे खापर या पाहुण्यावर फोडण्यात फारसा अर्थ नाही. जंगल गेले ते माणसामुळे आणि त्याने आणलेल्या जनावरांमुळे.

१९३५ मध्ये द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यान घोषित झाला. अलीकडे आक्रमक झुडपे काढून मूळची झाडे लावण्याचे काम तेथे चालते. जागतिक धोकासूचीत आज मुख्य भूमीवरचा पक्षी सुरक्षित गटात आहे, तर बेटावरचा तांबडा पक्षी अतिसंकटग्रस्त.