नोंदणी नसलेला बिल्डर: दंड किती आणि आपल्या पैशांचे काय?

सुरतेत डिंडोली, गोडादरा, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली आपली पुष्कळ कुटुंबे स्थिरावली आहेत. घर घेताना 'बिल्डरकडे लायसन्स नसेल तर काय?' असे आम्हाला विचारले जाते. खरे तर नोंदणी बिल्डरची नव्हे, प्रत्येक प्रकल्पाची पाहायची असते.

रेरा कायदा 2016 चा. नोंदणीचे कलम 1 मे 2017 पासून लागू झाले. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरे आठापेक्षा जास्त असतील, तर गांधीनगरच्या गुजरेराकडे नोंदणी केल्याशिवाय जाहिरात, बुकिंग किंवा विक्री करता येत नाही. नोंदणी न केल्यास कलम 59 नुसार प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होतो. म्हणजे 5 कोटींच्या रो-हाउस स्कीमला 50 लाखांपर्यंत. तरीही ऐकले नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा आणखी 10 टक्क्यांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशी घरे विकून देणाऱ्या दलालाला रोजचे 10,000 रुपये, एकूण घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत.

हा दंड सरकारजमा होतो, घर घेणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. आपले पैसे परत मिळवायचा रस्ता वेगळा, कलम 18 चा: ठरल्या तारखेला ताबा दिला नाही, तर रक्कम व्याजासह मागता येते. पण त्याला पुरावा लागतो, आणि आपली माणसे अडकतात ती इथेच. नोटरी केलेली बानाचिठ्ठी, थोडा चेक, बाकी रोख! कलम 13 प्रमाणे करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. कच्च्या कागदावर निम्मे पैसे मागणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणायला सांगतो.

स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेतले तर रेरा लागत नाही. काम अर्धवट टाकले किंवा निकृष्ट केले, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. त्या कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' आहे. मात्र परवानगीची जबाबदारी मालकाची. 'वरचा मजला चालतो' असे ठेकेदार सांगून जातो आणि महानगरपालिकेची नोटीस येते ती मालकाच्या दारावर. 6 जुलै 2024 रोजी सचिन पाली भागात इमारत कोसळून सात जण गेले. त्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा इमारतीच्या मालकावरही दाखल झाला. म्हणून नकाशा आणि लोखंडाचा हिशोब महानगरपालिकेकडे नोंद असलेल्या इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.

सुरतच्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक 'पीआर/जीजे/सुरत' असा सुरू होतो. टोकन देण्याआधी तो गुजरेराच्या संकेतस्थळावर टाकून बिल्डरचे नाव, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाची तारीख पाहावी. जाहिरातीत क्रमांकच नसेल, तर का नाही ते बिल्डरकडून लेखी मागावे.