वृद्धांचे घर आणि घरपट्टी

घराची किंमत घर विकल्यावाचून हाती येत नाही. घरपट्टी मात्र दरसाल त्या किमतीवर बसते. मिळवत्या माणसास हा भेद फारसा जाणवत नाही. परंतु ज्याची नोकरी संपली आहे आणि ज्याच्या आळीतील जागांचे भाव चढतच चालले आहेत, असा वृद्ध कागदोपत्री धनवान होतो आणि पट्टी भरण्याच्या दिवशी निर्धन ठरतो. अमेरिकेत ही अडचण विशेष तीव्र झाली, कारण तेथील शाळांचा खर्च बराचसा स्थानिक घरपट्टीतूनच चालत आला आहे. वृद्धास सूट द्यावी, तर तिची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न थेट शाळेच्या दारापर्यंत जातो.

विस्कॉन्सिन राज्याने इ. स. १९६४ मध्ये याला दिलेले उत्तर मोठे समंजस होते. पासष्ट वर्षे पुरी झालेल्या अल्प उत्पन्नाच्या माणसाची घरपट्टी त्याच्या मिळकतीच्या मानाने डोईजड झाली, तर तिचा काही भाग राज्याच्या तिजोरीतून त्यास परत मिळू लागला. गावाने आपली पट्टी पुरी वसूल करावी आणि दिलासा राज्याने द्यावा, अशी ही वाटणी असल्यामुळे गावच्या शाळेस झळ लागत नसे. भाड्यातही घरपट्टीचा अंश असतो हे ओळखून वृद्ध भाडेकरूंनाही तीत सामील करून घेतले होते. वीजप्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो आपोआप तोडणाऱ्या खटक्याचे नाव या योजनेस पडले. पुढे अनेक राज्यांनी ती उचलली. मिशिगनने १९७३ मध्ये वयाची अटही ठेवली नाही.

कॅलिफोर्नियात गोष्टी निराळ्या वळणाने गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या करआकारणी अधिकाऱ्याने लाच घेऊन व्यापाऱ्यांची आकारणी उतरवल्याचे १९६५ मध्ये उघडकीस आले. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या वर्षी कायदा झाला, की सर्व मालमत्तेची आकारणी बाजारभावाच्या पंचवीस टक्के अशी एकसारखी व्हावी. न्याय झाला खरा. पण आजवर राहत्या घरांना मिळत असलेली मूक सवलत त्यात बुडाली. १९६७ मध्ये निर्धन वृद्धांसाठी साहाय्याचा कायदा झाला, तरी सत्तरीच्या दशकात घरांचे भाव भडकले तेव्हा तो अपुरा पडला. तिजोरीत अब्जावधी डॉलर शिल्लक असताना १९७७ मध्ये विधिमंडळास दिलासा देता आला नाही, हे तर अक्षम्यच म्हटले पाहिजे.

ही संधी हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी साधली. जार्विस स्वतः चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. घरास मुकणाऱ्या वृद्धांचे गाऱ्हाणे प्रचारात अग्रभागी राहिले आणि ६ जून १९७८ रोजी तेरावा प्रस्ताव सुमारे पासष्ट टक्के मतांनी मंजूर झाला. घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यापुरती. किंमत १९७५-७६ ची. वार्षिक वाढ फार तर दोन टक्के. नवी आकारणी मालकी बदलल्यावर किंवा नवे बांधकाम झाल्यावरच. यात वृद्धांचा स्वतंत्र उल्लेखही नव्हता! मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारतींनाही तोच लाभ झाला. त्या उन्हाळ्यात कित्येक शाळांचे सुटीतील वर्ग बंद पडले.

तरुण खरेदीदारांस हा व्यवहार महाग पडला. लॉस एंजेलिसमधील एका महिलेस, जवळपास तशाच घरात पूर्वीपासून राहणाऱ्या काही शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट पट्टी आली. तिने दाद मागितली. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने प्रस्ताव उचलून धरला. इकडे वृद्धही अडकलेच. जिने चढवत नाहीत म्हणून लहान घर घ्यावे, तर जुनी आकारणी हातची जाई. म्हणून १९८६ मध्ये पंचावन्न वर्षांवरील मालकांना त्याच परगण्यात, तितक्याच किंवा कमी किमतीच्या घरात ती सोबत नेण्याची मुभा मिळाली आणि २०२० च्या मतदानाने ती राज्यभर, तीन वेळांपर्यंत वाढली. त्याच मतदानाने मुलांकडे जाणाऱ्या वारशास मात्र आळा घातला: आईबापांच्या घरात जो स्वतः राहावयास जाईल, त्यालाच जुन्या आकारणीचा लाभ, आणि तोही ठरावीक मर्यादेपर्यंत.