गिरणगावचा वारसा

माहीमच्या इतिहासाची गोष्ट निघाली म्हणजे आपण बिंबराजापासून आरंभ करतो, माहीमची बखर काढतो, खाडीच्या तोंडावरचा किल्ला दाखवतो. ते योग्यच आहे. परंतु माहीमहून दादर ओलांडून परळ-लालबागच्या रस्त्याला लागले, की दीडशे वर्षांच्या आत उभे राहून मावळलेले एक नगर भेटते. त्याची बखर आपल्या घरात क्वचितच उघडली जाते.

लेडी जमशेटजींच्या देणगीतून माहीमचा कॉजवे १८४५ साली खुला झाला. त्यानंतर नऊच वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये तिची चाके फिरू लागली. यंत्रे लँकेशायरची होती, भांडवल येथल्या व्यापाऱ्यांचे होते. आणि हात होते रत्नागिरीच्या नि साताऱ्याच्या शेतकऱ्याचे. पुढे ताडदेवपासून परळ, लालबाग, नायगावपर्यंत धुराडी उठली आणि भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर जेवणारे एक गाव तयार झाले.

त्या गावाचा संसार विलक्षण होता. बायकोमुले गावी, आणि येथे एका खोलीत गाववाल्यांचा मेळा. एक पाळी कामावर गेली की दुसरीने अंथरूण पसरायचे. जेवण खानावळवालीकडे. पगार झाला की मनीऑर्डर. कोकणातली कित्येक घरे या मनीऑर्डरीवर उभी राहिली, हे त्या घरांना ठाऊक आहे.

हक्क मात्र कोणी आणून दिले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होताच गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या. १९२८ साली दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळा, असा आग्रह सुरू झाला, तेव्हा कामगार सुमारे सहा महिने संपावर राहिले.

पण वारसा सांगावयाचा तर सगळाच सांगितला पाहिजे. साचेखात्यात पगार अधिक, आणि तेथेच अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण असे, की धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने ओढलेला धोटा इतरांना चालत नसे. हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या संपाच्या काळातच पुढे मांडला. मालकाविरुद्ध एक झालेली माणसे धोट्यापाशी वेगळी होत होती, ही गोष्ट आम्हांला झाकता येणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही; गिरण्याच एकामागून एक मिटत गेल्या. उरली जमीन. १९९१ च्या नियमाप्रमाणे तिचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाचा. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे केवळ मूळच्या रिकाम्या जागेपुरते राहिले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. सार्वजनिक वाटा त्यामुळे फार आटला.

मग वारसा कशाला म्हणावे? एखादे धुराडे जतन करावे, हे बरेच. पण धुराडे मुके असते. दादरच्या समुद्रकाठी इंदू मिलच्या भूमीवर २०१५ साली बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी झाली. ज्यांनी धोट्याचा प्रश्न विचारला, त्यांचे स्मारक गिरणीच्याच जमिनीवर! माहीमकरांना ती जागा पायी जाण्याइतकी जवळ आहे. तेथे मुलांना नेताना स्मारकाची गोष्ट सांगावीच. त्याबरोबर धोट्याची, त्या खोलीची आणि खानावळवालीचीही सांगावी. ज्या नगराच्या श्रमावर ही मुंबई उभी राहिली, त्याचे एवढे देणे आपल्याकडे निघते.