पत्त्यांपासून मोबाइल गेमपर्यंत

मैत्रिणींनो, आपल्या असोद्यात 1880 साली बहिणाबाई जन्मल्या. त्या नऊ वर्षांच्या असताना, 1889 मध्ये, जपानमधल्या क्योटोत निन्टेंडोचं दुकान निघालं. तिथे हाताने पत्ते बनत. त्याच कंपनीने 1983 मध्ये टीव्हीला जोडायचा गेम काढला, 1985 मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणला. 1990 नंतर त्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे आल्या. कॅसेटवर लिहिलेलं '9999 गेम', आत मोजकेच, तेच फिरून फिरून! रिमोट भावाच्या हातात, आम्ही मुली मागे बसून बघायचो. तेवढ्यात भाकऱ्या टाकायला हाक यायची. आता बचत गटाच्या हिशेबाचा फोनही संध्याकाळी मुलगाच घेऊन बसतो. गेम वाईट नाही, मारिओ आम्हालाही आवडायचा. पण मुलीचा डाव कधी येतो? तुमच्या घरचं पुढच्या बैठकीत सांगा.