निवळ आणि निर्मळ

गढूळ पाणी निवळावें म्हणून मडक्याच्या आंतून निवळीचें बीं घासण्याची रीत महाराष्ट्रांत जुनी आहे. इंग्लंडांत सफरचंदाच्या आंबवलेल्या रसासाठीं, म्हणजे सायडरसाठीं, हेंच काम माशाकडून करून घेत. स्टर्जन माशाच्या वायुपिशवीपासून काढलेला ‘आयसिंग्लास’ नांवाचा सरस भिजवून तो पिंपांत ढवळीत. या सरसाच्या कणांवर धन विद्युद्भार असतो, तर रसांत तरंगणाऱ्या यीस्टवर ऋण. दोहोंचे पुंजके होऊन ते तळीं बसतात आणि वरचा रस सोनेरी दिसूं लागतो.

सतराव्या शतकांत हेरफर्डशायर परगण्यांत लॉर्ड स्कुडामोर यांनीं ‘रेडस्ट्रीक’ जातीच्या सफरचंदांस नांवलौकिक मिळवून दिला. १६६४ सालीं जॉन एव्हलिन यांचा ‘पोमोना’ हा ग्रंथ निघाला. पुढें हें पेय बाटल्यांत भरलें जाऊं लागलें आणि काचेंतून दिसणारी स्वच्छता ही प्रतिष्ठेची गोष्ट ठरली.

परंतु प्रत्येक धूसरता सरसाला वश होत नाहीं. फळांतील पेक्टिनमुळें, म्हणजे ज्यानें जेली घट्ट होते त्या द्रव्यामुळें, आलेला गढूळपणा त्यानें जात नाहीं. ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२५ सालीं या द्रव्यास नांव दिलें. १९३० च्या सुमारास तें विघटित करणाऱ्या विकराचा उपाय सांपडला. असा रस गढूळ असला तरी निरुपद्रवीच असतो.

डेव्हनशायरांत याच्या उलट प्रकार घडला. तेथें सायडर पिणाऱ्यांस तीव्र पोटशूळ उठे, हातांतील शक्ति जाई. प्लिमथचे डॉक्टर जॉन हक्सॅम यांनीं १७२४ च्या सांथीचें वर्णन करून दोष रसाच्या आंबटपणास दिला. खरें कारण १७६७ सालीं जॉर्ज बेकर यांनीं उघड केलें. डेव्हनांत रस काढण्याच्या यंत्रांना शिसें लावीत. हेरफर्डशायरांत तें नसे आणि तेथें शूळही नव्हता. रासायनिक परीक्षेनें बेकर यांनीं डेव्हनच्या रसांत शिसें दाखविलें. बागाईतदारांस तें रुचलें नाहीं. परंतु यंत्रांतून शिसें गेलें तसा रोगही ओसरला.

आम्ल रसांत विरघळलेलें शिसें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि सरसानें तळाशींही बसत नाहीं. रस निवळणें हें सरसाचें काम. तो निर्मळ आहे कीं नाहीं, हें परीक्षेनेंच ठरवावें लागतें.