सिंहपुरास जाण्यापूर्वीं

एखाद्या गांवास जावयाचें ठरलें म्हणजे आधीं त्याचा इतिहास वाचावा, ही माझी जुनी खोड आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टींत सिंगापुरास जाण्याचा बेत ठरला, तेव्हां या खोडीची घरांत बरीच थट्टा झाली. माझे एक स्नेही तेथें दोनदां जाऊन आलेले. ते म्हणाले, "तेथें वाचावयाचें काय? दोनशें वर्षांपूर्वीं नुसतें रान होतें. एका इंग्रजानें बंदर वसविलें, तें भरभराटलें, आणि आज उंच इमारती व दुकानें आहेत. संपला इतिहास!" हें मत त्यांचें एकट्याचें नाहीं. तेथें जाऊन येणाऱ्या आपल्यापैकीं बहुतेकांची अशीच समजूत असते. दोन महिने मिळेल तें वाचल्यावर माझी मात्र खात्री झाली, कीं या शहराच्या इतिहासांत आपल्या इतिहासाचीं कांहीं हरवलेलीं पानें आहेत, आणि तीं अभिमानानें मिरवावीं अशींच सर्व नाहींत.

प्रथम नांवाचा विचार करूं. सिंगापूर हा 'सिंहपुर' या शब्दाचाच अपभ्रंश होय, हें सांगावयास पंडित नको. मलायी बखरीप्रमाणें सांग नील उत्तम नांवाच्या राजपुत्रास येथें एक अद्भुत पशु दिसला, तो सिंह असें त्यास सांगण्यांत आलें, आणि त्यावरून त्यानें नगरास हें नांव दिलें. त्या प्रदेशांत सिंह आढळत नाहीं; तेव्हां ही कथा कथा म्हणूनच घ्यावी. पण तेथें नगर होतें ही गोष्ट कथा नव्हे. १३६५ सालच्या 'नागरकृतागम' या जावाच्या काव्यांत या बेटाचा 'तुमासिक' असा उल्लेख आहे. १९२८ सालीं फोर्ट कॅनिंग टेकडीवर खोदकाम चालूं असतां सोन्याचे दागिने सांपडले; त्यांतील एका बाहुभूषणावर कालमुख कोरलेलें आहे. आपल्या देवळांच्या पायरीवर व द्वारपट्टीवर जें कीर्तिमुख आपण लहानपणापासून पाहतों, त्याचेंच हें समुद्रापलीकडील भावंड. पुढें १९८४ सालापासून त्याच टेकडीवर पद्धतशीर उत्खनन झालें व चौदाव्या शतकांतील चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे विपुल मिळाले. म्हणजे स्नेह्यांचें 'रान' वसण्याच्या पांचशें वर्षें आधीं तेथें व्यापारी पेठ होती, आणि ती मोडून पडली होती.

त्या पेठेचा एक बोलका साक्षीदार इंग्रजांनीं आपल्या हातानें मुका केला. १८१९ सालीं नदीच्या मुखाशीं एक प्रचंड कोरीव शिळा आढळली. तिच्यावरील लिपि कोणासहि लागेना. १८४३ सालीं बांधकामाच्या सोयीसाठीं ती सुरुंगानें उडविण्यांत आली. तिचा एक तुकडा आज तेथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. तो अद्यापि वाचला गेलेला नाहीं, आणि उरलेला मजकूर आतां कधींच मिळावयाचा नाहीं.

आतां 'त्या एका इंग्रजा'कडे वळूं. स्टॅम्फर्ड रॅफल्स हा बेंकूलेन येथील कंपनीचा अधिकारी. चीनकडे जाणाऱ्या वाटेवर डचांचा दाब होता. हिंदी महासागर व चिनी समुद्र यांमधील अरुंद सामुद्रधुनीच्या तोंडाशीं, जेथें दोन्हीकडच्या मोसमी वाऱ्यांवर येणारीं जहाजें एकत्र होत, तेथें एक ठाणें त्यास हवें होतें. त्यासाठीं तो १८१८ च्या अखेरीस कलकत्त्यास जाऊन गव्हर्नर जनरलाची अनुज्ञा घेऊन आला. हा गव्हर्नर जनरल कोण? लॉर्ड हेस्टिंग्स, ज्याच्या कारकीर्दींत त्याच वर्षीं पेशवाई बुडाली, तोच. ज्या वर्षीं पुण्याचें राज्य कायमचें आटोपलें, त्याच वर्षीं त्याच सरकारच्या दप्तरांतून सिंगापूरचा हुकूम निघाला. २८ जानेवारी १८१९ रोजीं रॅफल्स नदीच्या मुखाशीं उतरला, तेव्हां त्याच्याबरोबर बंगालच्या पायदळांतील हिंदी शिपाई होते. ६ फेब्रुवारीस सुलतान हुसेन व तमंगुंग अब्दुल रहमान यांच्याशीं तह झाला. सुलतानास सालीना पांच हजार व तमंगुंगास तीन हजार स्पॅनिश डॉलर ठरले. १८२४ सालच्या तहानें बेटच कायमचें कंपनीकडे आलें. तैनाती फौजा व नेमणुका यांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे, त्यांस ही पद्धति अपरिचित वाटणार नाहीं.

बंदर खुलें ठेवलें, जकात घेतली नाहीं, म्हणून व्यापारी आले. पण शहर व्यापाऱ्यांच्या येण्यानें आपोआप बांधलें जात नाहीं. दलदल कोणी बुजविली? रस्ते कोणी केले? या प्रश्नाचें उत्तर मला अपेक्षित नव्हतें. १८२५ पासून कंपनी सरकारनें सिंगापुरास हिंदुस्थानांतील जन्मठेपेचे कैदी पाठविण्यास सुरुवात केली. बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांतून ते आले. आपल्याकडे 'काळें पाणी' म्हटलें कीं अंदमान डोळ्यांपुढें येतें; पण अंदमानची वसाहत १८५८ सालीं सुरू झाली. तत्पूर्वीं जीं काळीं पाणीं होतीं, त्यांपैकीं एक सिंगापूर होतें.

या तुरुंगाचा कारभार मोठा विलक्षण होता. कैद्यांचे दर्जे लाविलेले असत. चांगली वर्तणूक ठेवणारांतूनच मुकादम व पहारेकरी नेमले जात, आणि शेवटच्या पायरीस पोंचलेल्यांस शहरांत राहून पोटापाण्याचा धंदा करण्याची मोकळीक मिळे. तेथील एक अधीक्षक मॅकनेअर यानें १८९९ सालीं या संस्थेवर लिहिलेल्या पुस्तकास 'कैदी हेच आपले पहारेकरी' अशा अर्थाचें नांव दिलें. या लोकांनीं विटा पाडल्या, दगड फोडले, गवंडीकाम व सुतारकाम शिकून घेतलें. १८५५ सालचें रॅफल्स दीपगृह त्यांच्या श्रमाचें. १८६७ ते १८६९ या काळांत बांधलेला गव्हर्नराचा वाडाहि त्यांचाच. आज तें राष्ट्राध्यक्षांचें अधिकृत निवासस्थान आहे.

त्यांचें सर्वांत सुंदर काम म्हणजे सेंट अँड्र्यूजचें पांढरेंशुभ्र देऊळ. १८५६ ते १८६१ या वर्षांत तें उभें राहिलें. त्याच्या भिंतींचा गिलावा मद्रासी पद्धतीचा आहे: शिंपल्यांचा चुना, अंड्यांतील पांढरा बलक व जाडी साखर एकत्र घोटावयाचीं, नारळाचीं सोडणें भिजविलेलें पाणी त्यांत मिसळावयाचें, आणि लिंपण वाळल्यावर गुळगुळीत दगडानें घासून त्यास झळाळी आणावयाची. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या चुन्यांतहि गूळ घालीत, हें पुष्कळांनीं वडिलांच्या तोंडून ऐकलें असेल. परधर्मीयांच्या प्रार्थनामंदिराच्या भिंती आपल्या गांवच्या रीतीनें घोटीत बसलेल्या त्या मनुष्यांना काय वाटत असेल? एकाचेंहि नांव त्या भिंतीवर नाहीं. याच्या उलट, पिनांगहून स्वखुषीनें आलेल्या नारायण पिळ्ळै यानें विटांची भट्टी काढली व १८२७ सालीं मारिअम्मनचें देऊळ स्थापिलें. त्याचें नांव मात्र टिकलें. स्वतंत्र मनुष्याची व बंदिवानाची कीर्ति यांत एवढें अंतर!

नांवें टिकलीं तीं साहेबांची. नदीकांठीं एक उंच स्तंभ आहे, तो लॉर्ड डलहौसी १८५० सालीं तेथें गेला त्याच्या स्मरणार्थ. सातारचें राज्य खालसा होऊन तेव्हां दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. औट्रम हें नांव तेथें रस्त्याला व रेल्वेच्या स्टेशनाला आहे; खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औट्रम तो हाच. आणि धोबीघाट? तेंहि आज एक मोठें स्टेशन आहे, आणि मला सर्वांत जवळचें वाटतें तें हेंच नांव; कारण तें कोणाच्या हुकुमानें पडलेलें नसून ओढ्यावर कपडे बडविणारांनीं पाडलेलें आहे.

१८५७ च्या उठावानंतर सिंगापुरांतील गोरे व्यापारी घाबरले. बंडवाले कैदी आपल्या दारांत येऊन पडतील, ही धास्ती. शिवाय कलकत्त्याच्या सरकारनें रुपया चालूं करण्याचा घाट घातला होता, त्याचा राग. अखेर १ एप्रिल १८६७ रोजीं हा प्रदेश हिंदुस्थान सरकारकडून काढून थेट विलायतेच्या ताब्यांत देण्यांत आला, आणि १८७३ सालीं कैद्यांचें खातें बंद होऊन उरलेले बंदी अंदमानास रवाना झाले. जें शहर त्यांनीं बांधलें, त्यास ते नकोसे झाले होते.

शिपाई मात्र येतच राहिले. १५ फेब्रुवारी १९१५ रोजीं पांचव्या लाइट इन्फन्ट्री पलटणींत बंड झालें. सत्तेचाळीस शिपायांस औट्रम रस्त्यावरील तुरुंगाच्या भिंतीशीं उभें करून जाहीरपणें गोळ्या घालण्यांत आल्या. बरोबर सत्तावीस वर्षांनीं, १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं, इंग्रज सेनापति पर्सिव्हल जपान्यांस शरण गेला. पाठोपाठ हजारों हिंदी युद्धकैद्यांपुढें निवडीचा बिकट प्रसंग उभा राहिला: खाल्लेल्या मिठाशीं इमान कीं देशाशीं? कांहींनीं एक वाट धरली, कांहींनीं दुसरी. २१ ऑक्टोबर १९४३ रोजीं सुभाषबाबूंनीं आझाद हिंद सरकारची घोषणा याच शहरीं केली. त्यांच्या साहाय्यकांत जगन्नाथराव भोसले हे मराठी सेनानी होते. त्या सेनेचें समुद्रकांठचें स्मारक इंग्रजांनीं परत येतांच १९४५ सालीं पाडलें. १९९५ सालीं तेथील सरकारनें त्या जागीं स्मृतिफलक उभारला.

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. नांव संस्कृत, भिंती आपल्या हातच्या, म्हणून हें शहर 'आपलें' असें म्हणण्याकडे मन धांवतें. ती चूक माझ्या स्नेह्यांच्या चुकीहून मोठी होईल. बेट मलायी लोकांचें होतें. त्याची वाढ मुख्यतः चिनी व्यापाऱ्यांच्या व हमालांच्या घामानें झाली. आणि ९ ऑगस्ट १९६५ रोजीं मलेशियापासून विभक्त होऊन एकटें पडल्यावर जें राज्य त्यांनीं उभारलें, तें त्यांचें स्वतःचें कर्तृत्व होय. मलायी, चिनी, तमिळ व इंग्रजी या चारहि भाषांस त्यांनीं राजमान्यता दिली. सुमारें ५८० चौरस किलोमीटरांचें बेट समुद्रांत भर घालून ७३० च्या वर नेलें; सात बेटांची मुंबई ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस या खटाटोपाची कल्पना येईल. आपलें नातें मालकाचें नाहीं. दुसऱ्याच्या हुकुमानें आलेल्या शिपायाचें, बेड्या घातलेल्या गवंड्याचें व पोटासाठीं आलेल्या मजुराचें तें नातें आहे. त्या शिपायानें दुसऱ्याचें बेट जिंकून देण्यास हात लाविला, हेंहि त्यांतच आलें.

माझ्या स्नेह्यांनीं प्रेक्षणीय स्थळांची एक लांब यादी करून दिली आहे. मीं ती आदरपूर्वक खिशांत ठेवली आहे. तथापि पहिल्या दिवशीं सकाळीं मी सेंट अँड्र्यूजच्या देवळाकडे जाणार, आणि कोणी हरकत न घेतल्यास त्या भिंतीवरून एकदां हात फिरवून पाहणार. मुंबई इलाख्यांतून गेलेल्या बंदिवानांत कोणी साताऱ्याकडचा, कोणी कोंकणांतला असेल. त्याच्या घरच्यांनीं त्याचें नांव काळ्या पाण्याबरोबर सोडून दिलें असेल. त्याची चौकशी करण्यास दीडशें वर्षें उशीर झाला आहे, हें खरें. पण निदान त्याच्या देशांतून आलेल्या मनुष्यानें दुकानाकडे जातांना त्या भिंतीशेजारून नकळत निघून जाऊं नये, एवढेंच मला वाटतें.