कॉम्प्युटरआधी व्हीपीएन का उठतं?

आजच्या एपिसोडची सुरुवात एका फोनपासून.

माझी मामेबहीण जळगावला शिकते. परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी साडेचारला इकडे धुळ्यात माझा फोन वाजला, "दादा, साइट उघडतच नाहीये! पाचला बंद होईल!" म्हटलं, मोबाइल डेटावर बघ. तिथे उघडली. म्हणजे घोळ लॅपटॉपमध्ये. "घड्याळाशेजारी काय दिसतंय?" तर एक छोटं कुलूप. होस्टेलच्या फुकट वायफायसाठी वर्षापूर्वी टाकलेलं व्हीपीएन! लॅपटॉपबरोबर ते रोज उठायचं, आपोआप सिंगापूरला जोडलं जायचं. परदेशी पत्ता दिसला की काही साइट दारातच अडवतात, तसं झालं होतं.

"पण मी तर ते सुरूच केलं नाही!" ती म्हणाली. खरंच होतं. मग कोणी केलं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. हिचेच वडील, म्हणजे माझे मामा, नव्वदच्या दशकात धुळ्याला देवपुरात कॉम्प्युटर क्लास चालवायचे. तो डॉसचा काळ. मशीन सुरू झाल्यावर काय चालवायचं, ते ऑटोएक्झेक डॉट बॅट नावाच्या साध्या फाइलमध्ये लिहिलेलं असायचं. नवं सॉफ्टवेअर टाकलं की तेही त्यात आपली ओळ घुसवायचं, पण फाइल उघडली की सगळं डोळ्यांसमोर. मामा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पोरांना विचारायचे, "हाई कोनी लिखेल शे?"

१९९५ मध्ये विंडोज ९५ आलं. स्टार्टअप फोल्डर तर दिसायचं, पण प्रोग्राम आपलं नाव रजिस्ट्रीतही टाकू लागले, आणि तिथे सामान्य माणूस डोकावत नाही. विंडोज ९८ मध्ये ही यादी दाखवणारं एमएसकॉन्फिग आलं. पण ते माहीत किती जणांना? २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ती यादी टास्क मॅनेजरमध्ये आली, तेव्हा कुठे बंद करणं दोन क्लिकचं काम झालं.

बहिणीला फोनवर जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. आधी व्हीपीएन डिस्कनेक्ट करा. मग त्याच्याच सेटिंगमध्ये जाऊन विंडोजबरोबर सुरू होण्याचा पर्याय बंद करा. ऑटो-कनेक्ट हा वेगळा पर्याय असतो, तोही बघा. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, स्टार्टअपच्या यादीत त्याचं नाव शोधा आणि डिसेबल करा. लॅपटॉप रीस्टार्ट करून खात्री करा. व्हीपीएन बंद केल्यावर नेटच गेलं, तर किल स्विच चालू असेल. तो बंद करा.

एक मात्र लक्षात ठेवा. लॅपटॉप कंपनीचा असेल तर हात लावू नका, आधी आयटीवाल्यांना विचारा. आणि उघड्या वायफायवर व्हीपीएन कामाचंच आहे. गरज पडेल तेव्हा स्वतः सुरू करा.

फॉर्म पाचला सात मिनिटं असताना गेला. रात्री मामांना सगळं सांगितलं, तर ते हसले आणि लेकीला म्हणाले, "आता यादीतलं एकेक नाव वाच." अकरा नावं निघाली. तिनं स्वतः ठेवलेली फक्त दोन.

आज घरी गेलात की तुमची यादी उघडा. किती नावं निघाली, कमेंटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!